ज्याचे रक्त, त्याला निकाल

अमेरिकेत कायम वास्तव्याचा अर्ज केलेल्या आपल्यापैकी बहुतेकांना एक बंद पाकीट आठवत असेल. सरकारने नेमलेल्या डॉक्टरकडे जायचे, लसींच्या नोंदी दाखवायच्या, रक्त द्यायचे आणि डॉक्टरने सही करून चिकटवलेले ते पाकीट न फोडता अधिकाऱ्यांच्या स्वाधीन करायचे. आपल्या रक्ताबद्दल त्यात काय लिहिले आहे, हे विचारणारे आपल्यात फार थोडे असतील. अर्ज मंजूर झाला, म्हणजे सारे ठीक असले पाहिजे, एवढ्यावर आपण समाधान मानले.

त्या रक्ताच्या ज्या तपासण्या होतात त्यांत उपदंशाची, म्हणजे सिफिलिसची, तपासणी असते. आखातात नोकरीला निघालेल्या आपल्या नातलगांनाही ती चुकत नाही. भारतात गरोदर स्त्रीच्या पहिल्या तपासणीच्या कागदावर ‘व्हीडीआरएल’ ही अक्षरे असतातच. आपल्या आयांनी, बहिणींनी ती पाहिली आहेत. त्यांचा अर्थ मात्र क्वचितच कोणी सांगितला असेल.

ही अक्षरे कोणत्या जंतूची किंवा रसायनाची नाहीत. ती एका प्रयोगशाळेच्या नावाची आद्याक्षरे आहेत. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंड बेटावर अमेरिकी सार्वजनिक आरोग्यसेवेची ‘व्हेनिरिअल डिसीज रिसर्च लॅबोरेटरी’ होती. मराठीत सांगायचे तर गुप्तरोग संशोधन प्रयोगशाळा. या प्रयोगशाळेने आणि तिच्या मातृसंस्थेने लाखो माणसांचे प्राण वाचवणारे काम केले. त्याच संस्थेने गरीब, निरक्षर आणि सत्ताहीन माणसांच्या रक्ताचा त्यांच्या नकळत वापर केला. या दोन्ही गोष्टी एकाच काळात आणि काही वेळा एकाच माणसांच्या हातून घडल्या. म्हणून हा इतिहास एकत्र वाचला पाहिजे.

मुका रोग आणि बोलके रक्त

उपदंशाचा जंतू १९०५ साली बर्लिनमध्ये फ्रिट्झ शाउडिन आणि एरिक हॉफमन यांनी शोधून काढला. पुढच्याच वर्षी ऑगस्ट फॉन वासरमन, आल्बर्ट नायसर आणि कार्ल ब्रुक यांनी या रोगाची पहिली रक्तचाचणी प्रसिद्ध केली. तिचे महत्त्व कळण्यासाठी या रोगाची रीत समजून घ्यावी लागते. प्रथम एक न दुखणारा व्रण येतो आणि उपचाराविनाही भरून निघतो. काही आठवड्यांनी अंगावर पुरळ उठते, तेही जाते. मग अनेक वर्षे शांततेची. रोग गेला, असे माणसाला वाटते. पण काहींच्या बाबतीत दहा, वीस किंवा अधिक वर्षांनी हृदयापासून निघणारी मोठी रोहिणी, मेंदू, पाठीचा कणा किंवा डोळे यांवर घाला पडतो. बाधित गर्भवतीकडून तो पोटातल्या बाळाकडे जातो.

शांततेच्या त्या वर्षांत रोग्याच्या अंगावर काहीच दिसत नाही. रक्त तेवढे बोलते. त्यामुळे वासरमन चाचणीने डॉक्टरांना नवी शक्ती दिली. एका रुग्णाचे निदान करता येऊ लागले, तसेच अख्ख्या गावाचे, पलटणीचे किंवा तुरुंगाचे रक्त तपासून रोग किती पसरला आहे, हे मोजता येऊ लागले. आज ज्याला आपण प्रयोगशाळेच्या आधारे केलेले रोगसर्वेक्षण म्हणतो, त्याचा पाया येथे घातला गेला.

मात्र ही चाचणी जंतू शोधत नाही. संसर्गानंतर शरीरात एका स्निग्ध द्रव्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात, त्यांचा ती माग काढते. १९४१ साली न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यातील मेरी पँगबॉर्न यांनी बैलाच्या हृदयातून ते द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे केले. त्याला कार्डिओलिपिन म्हणतात. त्याचाच उपयोग करून १९४६ साली स्टेटन आयलंडच्या प्रयोगशाळेत व्हीडीआरएल चाचणी तयार झाली. रक्तद्रवाचा एक थेंब, त्यात औषधी मिश्रणाचा एक थेंब, काही मिनिटे काच फिरवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली कण गोळा झाले का ते पाहायचे. खर्च अगदी थोडा. म्हणूनच ती तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत पोहोचली.

तिची मर्यादाही तेव्हापासून ठाऊक आहे. हिवताप, कुष्ठरोग, काही सांध्यांचे आजार, कधी कधी नुसते गरोदरपण, यांतही ती होकारार्थी येऊ शकते. म्हणून जंतूशी निगडित अशी दुसरी चाचणी करून खात्री केल्याशिवाय कोणालाही रोगी ठरवता येत नाही. कागदावरील एका शब्दावरून एखाद्या स्त्रीच्या चारित्र्याचा न्याय करणाऱ्या सासरच्या मंडळींना ही गोष्ट कोणी सांगत नाही.

मेकन परगण्यातील सहाशे माणसे

आता अलाबामा राज्यातील मेकन परगण्यात जाऊ. १९३० च्या सुमारास तेथील बहुसंख्य वस्ती कृष्णवर्णीयांची होती. गोऱ्या मालकांच्या जमिनीवर अर्धलीने कापूस पिकवायचा आणि वर्षाअखेरीस कर्जातच राहायचे, हे त्यांचे जीवन. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी दुसऱ्याच्या शेतावर राबून अंगावर कर्जच घेतले, त्या वाचकांना हे चित्र वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

रोझेनवाल्ड निधीच्या साहाय्याने सार्वजनिक आरोग्यसेवेने दक्षिणेतील सहा परगण्यांत उपदंशाची पाहणी आणि उपचार यांचा कार्यक्रम त्या सुमारास सुरू केला होता. मेकन परगण्यात तपासलेल्यांपैकी तिघांतील एकाहून अधिक जणांचे रक्त होकारार्थी निघाले. रोग सापडला, पण तोवर आर्थिक मंदी आली आणि निधीने हात आखडता घेतला. उपचार थांबले, मोजलेले आकडे मात्र आरोग्यसेवेच्या हाती राहिले.

त्या आकड्यांकडे पाहून अधिकारी टॅलियाफेरो क्लार्क यांना वाटले की, उपचार न झालेल्या उपदंशाचा अभ्यास करण्याची ही आयती संधी आहे. गोऱ्यांमध्ये हा रोग मज्जासंस्थेवर आणि कृष्णवर्णीयांमध्ये हृदयावर जातो, असा समज त्या काळच्या वैद्यकात होता. वंशानुसार रक्त वेगळे, म्हणून रोगही वेगळा! १९३२ साली काही महिन्यांसाठी आखलेला हा अभ्यास त्यांच्यानंतर आलेल्या रेमंड व्हॉन्डरलेहर यांनी माणसे मरेपर्यंत चालू ठेवण्याचे ठरवले. पुढे तो चाळीस वर्षे चालला.

त्यात एकूण ६०० पुरुष होते. ३९९ उपदंशाचे रुग्ण आणि तुलनेसाठी २०१ निरोगी. एक गैरसमज येथेच दूर केला पाहिजे. या माणसांना रोगाची लागण सरकारने केली नव्हती. ती आधीच झालेली होती. अन्याय दुसराच होता. त्यांना रोगाचे नाव सांगितले नाही. त्या भागात अशक्तपणापासून अनेक तक्रारींना ‘बॅड ब्लड’, म्हणजे खराब रक्त, असे म्हणत. तुमचे रक्त खराब आहे आणि आम्ही त्यावर उपचार करत आहोत, एवढेच त्यांना सांगण्यात आले. प्रत्यक्षात सुरुवातीच्या थोड्या, अपुऱ्या औषधांनंतर मिळाल्या त्या साध्या गोळ्या आणि टॉनिक. मणक्यातून पाणी काढण्याची वेदनादायक तपासणी करायची होती, तेव्हा खास मोफत उपचाराची ही शेवटची संधी आहे, अशी पत्रे पाठवली गेली.

टस्कीगी इन्स्टिट्यूट ही बुकर टी. वॉशिंग्टन यांनी कृष्णवर्णीयांच्या उन्नतीसाठी उभारलेली संस्था. तिचे रुग्णालय या कामी वापरले गेले. माणसांना घरून आणणारी, गरम जेवण देणारी, त्यांच्या सुखदुःखाची चौकशी करणारी परिचारिका युनिस रिव्हर्स स्वतः कृष्णवर्णीय होती. लोकांचा तिच्यावर विश्वास होता, आणि हा विश्वासच अभ्यासाचा आधार झाला. मृत्यूनंतर शवविच्छेदनाला संमती दिली तर दफनखर्चासाठी ५० डॉलर मिळत. गरिबाला सन्मानाने मातीत जाण्याची किती ओढ असते, हे अधिकाऱ्यांनी अचूक ओळखले होते. १९५८ साली पंचवीस वर्षांच्या सहभागाबद्दल प्रमाणपत्र आणि २५ डॉलर देण्यात आले. वर्षाला एक डॉलर.

या काळात देश झोपलेला नव्हता. १९३६ साली सर्जन जनरल झालेले थॉमस पॅरन यांनी उपदंशाविरुद्ध देशव्यापी मोहीम उभी केली. १९३८ साली गुप्तरोग नियंत्रणाचा राष्ट्रीय कायदा झाला. लग्नापूर्वी रक्त तपासण्याचे कायदे राज्याराज्यांत झाले. महायुद्धात सैन्यभरतीच्या तपासणीत मेकनमधील सुमारे अडीचशे जणांना उपचार घेण्याचे आदेश निघाले, तेव्हा आरोग्यसेवेनेच मध्यस्थी करून त्यांना उपचारांतून वगळले. सर्वेक्षणाचे जाळे सर्वत्र पसरत असताना ही माणसे त्यातून मुद्दाम सोडलेली होती.

एकाच छताखाली

आता पुन्हा स्टेटन आयलंडकडे वळू. १९४३ साली तेथील प्रयोगशाळेचे प्रमुख जॉन महोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपदंश झालेल्या चार रुग्णांना पेनिसिलिन दिले आणि रोग बरा होतो हे दाखवून दिले. त्याआधी आर्सेनिकयुक्त औषधांची इंजेक्शने वर्षभराहून अधिक काळ घ्यावी लागत, आणि त्यांचे दुष्परिणामही तीव्र होते. काही वर्षांतच पेनिसिलिन हा प्रमाणित उपचार झाला. तीन वर्षांनी व्हीडीआरएल चाचणी आली. म्हणजे रोग ओळखण्याचे सोपे साधन आणि तो बरा करण्याचे औषध, ही दोन्ही दाने मानवजातीला या एकाच प्रयोगशाळेने दिली.

याच प्रयोगशाळेची तिसरी गोष्ट फार काळ कोणाला ठाऊक नव्हती. १९४३-४४ मध्ये महोनी यांच्या देखरेखीखाली तरुण डॉक्टर जॉन कटलर यांनी इंडियाना राज्यातील टेरे हॉट येथील तुरुंगात परम्याच्या, म्हणजे गोनोरियाच्या, संसर्गाचे प्रयोग केले. तेथील कैद्यांकडून लेखी संमती घेतली होती. संमती म्हणजे काय, हे या डॉक्टरांना माहीत होते, याचा हा पुरावाच आहे. ते प्रयोग फसले. मग १९४६ साली कटलर ग्वाटेमालाला गेले. संसर्ग होताच औषध वापरले तर रोग टळतो का, हे पाहण्यासाठी तेथील सैनिक, कैदी, मनोरुग्णालयातील रुग्ण आणि देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया यांना मुद्दाम उपदंश, परमा आणि मृदुव्रण या रोगांच्या संसर्गाला सामोरे नेले गेले. येथे मात्र संमती घेतली गेली नाही. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षीय आयोगाने २०११ साली दिलेल्या अहवालानुसार अशा व्यक्तींची संख्या १,३०८ होती. त्यांपैकी ६७८ जणांना काही ना काही उपचार मिळाल्याची नोंद आहे. नव्या रक्तचाचण्यांची तुलना करण्यासाठी पाच हजारांहून अधिक व्यक्तींचे नमुने वापरले गेले. त्यांत अनाथाश्रमातील मुले आणि कुष्ठरोगीही होते.

१९४६ हे वर्ष आपल्या वाचकांना दुसऱ्या एका कारणाने परिचित आहे. त्याच वर्षी बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांपुढे सादर झालेल्या निवेदनाची प्रत मागवली होती. न्यूयॉर्कमध्ये शिकलेल्या बाबासाहेबांनी दोन समाजांच्या दुःखातील साम्य ओळखले होते. त्याच काळात मेकनमधील माणसांच्या रक्ताचे नमुने काढणे थांबले नव्हते, आणि त्यांना बरे करू शकणारे औषध बाजारात होते. तरीही त्यांच्यापर्यंत ते पोहोचू दिले नव्हते. या अभ्यासातील एक पुरुष, हर्मन शॉ, उपचारासाठी बर्मिंगहॅमला पोहोचले, तेव्हा ते अभ्यासातील आहेत हे कळताच त्यांना औषध न देता परत पाठवले गेले.

प्रश्न विचारणारे

हे सारे लपूनछपून चालले नव्हते, ही त्यातली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट आहे. १९३६ पासून या अभ्यासाचे निबंध वैद्यकीय नियतकालिकांत छापून येत होते. हजारो डॉक्टरांनी ते वाचले असतील. १९६५ साली डेट्रॉइटचे तरुण डॉक्टर आयर्विन शॅट्झ यांनी निषेधाचे पत्र लिहिले. त्याला उत्तर मिळाले नाही. आरोग्यसेवेतील कृष्णवर्णीय संख्याशास्त्रज्ञ बिल जेन्किन्स यांनीही आपल्या परीने आवाज उठवण्याचा प्रयत्न केला. १९६६ साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये गुप्तरोगाच्या रुग्णांचे संपर्क शोधण्याचे काम करणारे पीटर बक्स्टन यांनी वरिष्ठांना लेखी आक्षेप कळवला. ते डॉक्टर नव्हते. प्राग शहरात जन्मलेले, लहानपणी आईबापांबरोबर निर्वासित होऊन आलेले एक साधे कर्मचारी होते.

१९६९ साली तज्ज्ञांची बैठक बोलावण्यात आली. तीत एका डॉक्टरने या माणसांना उपचार द्यावेत असा आग्रह धरला. बाकीच्यांनी अभ्यास चालू ठेवण्याचा कौल दिला. पुढच्या वर्षी एका अधिकाऱ्याने टिपण लिहिले की, या अभ्यासातून उपदंशाचा एकही रुग्ण टळणार वा बरा होणार नाही. आणि तरीही तो पूर्वीप्रमाणे चालू ठेवावा, असाच त्याचा निष्कर्ष होता. मोजण्याचे काम सुरू झाले की ते कशासाठी सुरू केले, याचा विसर पडतो; कार्यालयाच्या सवयीतून क्रौर्य कसे चालत राहते, त्याचे हे टिपण म्हणजे नमुना आहे.

अखेर बक्स्टन यांनी कागदपत्रे वृत्तसंस्थेच्या हाती दिली. २५ जुलै १९७२ रोजी असोसिएटेड प्रेसच्या जीन हेलर यांची बातमी प्रसिद्ध झाली आणि नोव्हेंबरमध्ये अभ्यास बंद झाला. त्या वेळी रुग्णांपैकी ७४ जण जिवंत होते. रोझा पार्क्स यांचे वकील फ्रेड ग्रे यांनी १९७३ साली या माणसांच्या वतीने खटला भरला; एक कोटी डॉलरवर तडजोड झाली. १९७४ साली राष्ट्रीय संशोधन कायदा झाला आणि १९७९ साली बेलमाँट अहवाल आला. माणसाचा आदर, त्याचे हित आणि न्याय या तीन तत्त्वांवर आज संशोधनाची नीती उभी आहे. आपल्या विद्यापीठात किंवा रुग्णालयात संशोधन करणाऱ्या प्रत्येक तरुणाला जी परवानगी आज घ्यावी लागते, तिची किंमत मेकनच्या शेतकऱ्यांनी चुकवली आहे.

ग्वाटेमालाची कहाणी बाहेर यायला आणखी वेळ लागला. टस्कीगीचा इतिहास लिहिणाऱ्या सुझन रिव्हर्बी यांना पिट्सबर्ग विद्यापीठात कटलर यांचे कागद पाहताना ती सापडली, आणि २०१० साली अमेरिकेने ग्वाटेमालाची जाहीर क्षमा मागितली.

आपल्याकडील रक्त

हे सारे परक्या देशात घडले, असे म्हणून सुटता येत नाही. ब्रिटिश हिंदुस्थानात १८६८ साली संसर्गजन्य रोगांचा कायदा आला. सैनिकांचे आरोग्य राखण्यासाठी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांची नोंद करायची, सक्तीने तपासणी करायची आणि रोगी ठरलेल्यांना ‘लॉक हॉस्पिटल’मध्ये अडकवायचे, असा तो कायदा होता. पुरुषांना त्यात हात लावला नव्हता. तो १८८८ साली रद्द झाला, पण तपासणी म्हणजे शिक्षा, ही भीती समाजात खोल रुजली.

मराठीने या रोगांना ‘गुप्तरोग’ हे नाव दिले आणि नावातच कुलूप घातले. ते उघडण्याचा प्रयत्न र. धों. कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून केला. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना त्यात उघड उत्तरे दिली जात. १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांची बाजू मांडायला बाबासाहेब उभे राहिले. लैंगिक विषयावर लिहिलेले सारेच अश्लील ठरत नाही, लोक आपल्या शरीराविषयी विचारत असतील तर त्यांना उत्तर मिळाले पाहिजे, ही त्यांच्या युक्तिवादाची दिशा होती. खटला हरला आणि कर्वे यांना दंड झाला. पण त्याच वर्षी अलाबामात सहाशे माणसांपासून त्यांच्याच रक्तातील गोष्ट लपवली जात होती, हे लक्षात घेतले म्हणजे मुंबईच्या त्या न्यायालयात किती मोठा प्रश्न उपस्थित झाला होता, हे कळते.

अर्धशतकानंतर एचआयव्ही आला. १९८६ साली मद्रास वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सुनीती सॉलोमन, माहेरच्या गायतोंडे, यांच्या मार्गदर्शनाखाली सेल्लप्पन निर्मला या विद्यार्थिनीने देहविक्रय करणाऱ्या, सरकारी गृहात ठेवलेल्या स्त्रियांचे रक्तनमुने गोळा केले. वेल्लोर येथे तपासणी झाली, सहा नमुने होकारार्थी निघाले आणि भारतात हा विषाणू पोहोचल्याचे प्रथमच सिद्ध झाले. त्या शोधामुळे देश जागा झाला. पुढे १९९२ साली पुण्याजवळ भोसरीत राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था उभी राहिली. डॉ. सॉलोमन यांनी उरलेले आयुष्य या रुग्णांची सेवा करण्यात घालवले. पण ज्यांच्या रक्ताने देशाला सावध केले त्या सहा स्त्रियांचे नाव इतिहासात नाही.

१९८९ साली गोव्यात डॉमिनिक डिसोझा या नियमित रक्तदान करणाऱ्या तरुणाला पोलिसांनी ताब्यात घेतले. त्याने दिलेल्या रक्तात एचआयव्ही आढळला होता. निकाल प्रथम पोलिसांना कळला; ज्याचे रक्त होते त्याला तो पकडला गेल्यावर उमगला. एका जुन्या क्षयरुग्णालयाच्या इमारतीत त्याला दोन महिन्यांहून अधिक काळ एकट्याने कोंडून ठेवले. आईने उच्च न्यायालयात दाद मागितली. त्याची सुटका झाली, पण विलगीकरणाचा कायदा न्यायालयाने वैध ठरवला. डॉमिनिकने पुढे ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था काढली आणि १९९२ साली तो गेला. मेकनमध्ये निकाल दडवून माणसे मारली. गोव्यात तोच निकाल दुसऱ्यांच्या हाती देऊन एका माणसाला कोंडले. दोन्हीकडे रक्ताचा मालकच बाहेर राहिला.

नाव पुसलेले नमुने

यातून एक कठीण प्रश्न उभा राहतो. सर्वेक्षण तर हवेच. रोग कोठे, किती आणि कोणात वाढतो आहे, हे कळल्याशिवाय औषधे पाठवणार कोठे? यावर एक तोडगा निघाला: नमुन्यावरील नाव पुसून टाकायचे आणि मग तपासायचे. भारतात १९९८ पासून दरवर्षी होऊ लागलेल्या एचआयव्ही पाहणीत गरोदर स्त्रियांच्या नेहमीच्या तपासणीसाठी, म्हणजे व्हीडीआरएलसारख्या चाचणीसाठी, काढलेल्या रक्ताचा उरलेला भाग नाव काढून वापरला जाई. त्यामुळे कोणाची बदनामी होत नसे आणि देशाला आकडे मिळत. पण बाधित स्त्री सापडली तरी ती कोण, हे कळण्याचा मार्गच उरत नसे.

अमेरिकेतही १९८८ पासून नवजात बाळांच्या रक्ताची अशी निनावी तपासणी चालू होती. बाळाच्या रक्तातील प्रतिपिंडांवरून आईचा संसर्ग कळे. औषधच नव्हते तोवर लोकांनी हे सहन केले. १९९४ साली झिडोव्हुडिन या औषधाने आईकडून बाळाला होणारी लागण सुमारे दोन तृतीयांशाने घटते, असे सिद्ध झाले, आणि मौन असह्य झाले. १९९५ साली ही पाहणी थांबवावी लागली. पेनिसिलिननंतर मेकनमध्ये जो प्रश्न कोणी विचारला नाही, तो या वेळी विचारला गेला. दोन्ही प्रकरणे एकाच मापाने मोजणे योग्य नाही. निनावी पाहणीत कोणाला फसवून उपचारांपासून दूर ठेवले नव्हते. पण उपचार हाती आला की निकाल न सांगण्याचे समर्थन ढासळते, हा धडा दोन्हीकडे सारखाच आहे. आता जागतिक धोरणही पाहणीत रक्त देणाऱ्याला त्याचा निकाल मिळावा, याच दिशेने वळले आहे.

भारताच्या २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने चाचणीपूर्वी माहितीपूर्वक संमती आणि निकालाची गोपनीयता हे हक्क दिले. निनावी पाहणीसाठी संमतीची अट त्यात शिथिल आहे, पण अशा पाहणीचा हेतू संबंधितांना सांगितला पाहिजे, असे कायदा म्हणतो. तालुक्याच्या रुग्णालयात रांगेत उभ्या असलेल्या आपल्या बहिणीला तो हेतू कोणी तिच्या भाषेत सांगतो का, यावर त्या कलमाचे मोल ठरेल.

पाकीट

हा इतिहास वाचून कोणी तपासणीलाच नकार द्यावा, असा अर्थ घेऊ नये. तसे झाले तर नुकसान आपलेच होईल. अमेरिकेत २०२२ साली जन्मजात उपदंशाच्या ३,७०० हून अधिक प्रकरणांची नोंद झाली. दहा वर्षांपूर्वीच्या तुलनेत ती दहापटीहून अधिक आहे. दहांपैकी जवळजवळ नऊ प्रकरणे वेळेवर तपासणी आणि उपचार झाले असते तर टळली असती. हे आकडे कळले तेही सर्वेक्षणामुळेच. ज्या रोगावर ऐंशी वर्षांपूर्वी औषध सापडले त्याने आज बाळे दगावावीत, यात दोष चाचणीचा नाही. ती ज्यांच्यापर्यंत पोहोचत नाही त्यांच्या वाट्याला आलेल्या उपेक्षेचा आहे.

म्हणून रक्त द्यावे, आणि विचारावेही. कोणती तपासणी आहे, कशासाठी आहे, निकाल कोणाकडे जाईल, उरलेल्या रक्ताचे काय होईल. वास्तव्याच्या अर्जासाठी तपासणी करणाऱ्या डॉक्टरकडून अहवालाची प्रत मागून घेता येते. उपदंश आढळला तरी उपचार पूर्ण केल्यावर अर्ज पुढे जातो. २०१४ पासून अमेरिकेत प्रयोगशाळेकडून स्वतःचे निकाल थेट मागण्याचा हक्क रुग्णाला आहे. गावाकडच्या आईच्या, बहिणीच्या कागदावरील अक्षरांचा अर्थ फोनवर समजावून सांगणे हे तर आपल्या हातातले काम आहे.

१६ मे १९९७ रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राच्या वतीने क्षमा मागितली, तेव्हा मेकनमधील आठ वृद्ध हयात होते. त्यांच्यापैकी हर्मन शॉ, वय वर्षे ९४, सर्वांसमोर बोलायला उभे राहिले. बर्मिंगहॅमहून औषधाविना परत पाठवलेले तेच शॉ. त्यांच्या रक्तात काय आहे, हे सरकारला चाळीस वर्षे ठाऊक होते. त्यांना ते वर्तमानपत्रांतील बातमीनंतर कळले. पुढच्या वेळी कोणी आपल्या दंडाला रबरी पट्टी बांधील, तेव्हा त्यांची आठवण ठेवावी आणि निकालाची प्रत मागावी.